हायसिंथ, ससे आणि माझी डावखुरी रायफल

काही गोष्टी आपण जमवत नाही, त्या आपोआप साठतात. किचनच्या ड्रॉवरमध्ये रबरबँड आणि सॉसची पाकिटं साठतात ना, तसे माझ्याकडे रायफलचे किस्से साठलेत. इथे डच मुलखात, डीमनला कुणाकडे हळदीकुंकू असो, नाहीतर हार्लेमजवळ आमच्याच घरी गणपतीचं जेवण असो, निखिल, म्हणजे माझा नवरा, वरण वाढता वाढता सहज बोलून जातो की अनघाकडे शिकारीचं लायसन्स आहे. मग सगळ्यांचे घास हातातच राहतात.

मागच्या वेळी एकाने घाबरत घाबरत विचारलं, "सेमी-ऑटोमॅटिक? म्हणजे धडधडधडधड?"

मी त्याला समजावलं की ट्रिगर एकदा दाबला की एकच गोळी सुटते. रिकामं काडतूस आपोआप बाहेर पडतं आणि पुढची गोळी आपोआप आत येते, एवढंच काय ते ऑटोमॅटिक. त्यात इथल्या शिकारीच्या नियमाप्रमाणे मॅगझिनमध्ये दोनच गोळ्या बसल्या पाहिजेत.

"आणि त्या संपल्या की?"

"पुन्हा भरायच्या."

"तेवढ्यात ससा?"

"तेवढ्यात ससा हार्लेम स्टेशनवर पोचलेला असतो."

हे ऐकून तो माणूस निवांत जेवायला लागला. पण मला माहीत होतं, श्रीखंडापर्यंत तो परत विचारणार की मुळात हे खूळ डोक्यात आलं कुठून.

* * *

ते आलं यानकाकांमुळे.

आमच्या घरांची रांग गावाच्या अगदी टोकाला आहे. मागच्या दाराला लागून सायकलचा रस्ता, त्याच्या पलीकडे यानकाकांची फुलांच्या कंदांची शेतं, आणि त्यांच्याही पलीकडे समुद्राकडच्या वाळूच्या टेकड्या. यानकाका सत्तरी ओलांडलेले. इथे सगळे सगळ्यांना नावानेच हाक मारतात, मीही त्यांना तोंडावर यानच म्हणते. पण मराठीत बोलताना ते यानकाका आणि त्यांच्या बायको बेपकाकू.

एका मार्चमध्ये ते आमच्या मागच्या दाराशी आले आणि एक ट्रे टेबलावर ठेवून खुर्चीत बसले. ट्रेमध्ये हायसिंथ या वसंतातल्या फुलाची रोपं होती, सगळी शेंड्यापासून कुरतडलेली. फूल यायच्या आधीच कुणीतरी मान खुडून नेल्यासारखी.

ससे, ते म्हणाले. कुंपण घातलं होतं, पण खाली वाळू. ससे खालून येतात. त्यांच्या तेवढ्या शेतापुरती ससे मारायची प्रांताची परवानगीही हातात होती. मारणारं कुणी नव्हतं. स्वतःचं लायसन्स त्यांनी वयामुळे परत केलं होतं, आणि त्यांच्याबरोबर शिकारीला येणारे दोघं मित्र आता फक्त कॉफीला यायचे.

मग ते म्हणाले, "तू कॉलेजात रायफल चालवायचीस ना?"

मी कधीतरी त्यांना सांगितलं होतं की पुण्याला कॉलेजात मी एनसीसीत होते आणि आम्हाला पॉइंट टू-टूच्या, म्हणजे बारीक गोळीच्या रायफलने नेमबाजी करायला मिळायची. मी म्हटलं, ते कागदावर, आणि तेही वीस वर्षांपूर्वी. कागद काही पळत नाही.

"ससासुद्धा खाताना पळत नाही," यानकाका म्हणाले आणि ट्रे तिथेच ठेवून निघून गेले.

तो ट्रे मी दोन दिवस उचलला नाही. मी शाकाहारी घरातली. आमच्याकडे झुरळ दिसलं की ते मारायला बाबा ऑफिसातून यायची सगळे वाट बघायचे. पण खरं सांगू का, मला दया आली ती नंतर. आधी मला प्रश्न पडला. एवढा चपळ प्राणी, एवढं मोठं शेत. हे माणसं करतात तरी कसं?

* * *

करतात असं, की आधी वर्षभर शाळेत जातात. कायदा, शस्त्रं, कुत्री, पिकं, रोग आणि पक्षी. पक्षी सगळ्यात वाईट. इथे एकट्या बदकांचेच इतके प्रकार आहेत, आणि मला लहानपणापासून बदक एवढा एकच प्रकार माहीत. ऑफिसला ब्रेडाला जाताना ट्रेनमध्ये मी बदकांच्या चित्रांची कार्डं पाठ करायचे. शेजारी बसणाऱ्यांना वाटायचं मी लहान मुलांची टीचर आहे.

परीक्षेत एकेक चित्र दाखवून नाव विचारत होते. समोर गंभीर चेहऱ्याचे आजोबा. दहाबारा बरोबर आले आणि मग एक चित्र आलं: डोक्यावर तुरा, पोट पांढरं, ओल्या गवतात उभा. मला तो पक्षी आतून बाहेरून माहीत होता. फक्त डच नाव गेलं. तोंडातून आलं, "टिटवी."

आजोबांनी विचारलं, काय?

आता बोलून बसलेच होते. मी सांगितलं की माझ्या भाषेत याच्या भावंडाला टिटवी म्हणतात, कारण तो उडताना ओरडतो तसा. आणि ओरडून दाखवलं. टिटिव-टिव, टिटिव-टिव. शेजारच्या टेबलावरचा उमेदवार वळून बघायला लागला.

आजोबांनी पेन खाली ठेवलं. "आम्हीसुद्धा त्याला ओरडण्यावरूनच नाव दिलंय," ते म्हणाले. मग त्यांनी आपली टिटवी ओरडून दाखवली. की-फिट, की-फिट.

"कीफिट," मी म्हटलं.

"बरोबर," म्हणत त्यांनी खूण केली.

* * *

लायसन्ससाठी पोलिसांना तुम्हाला ओळखणाऱ्या माणसांची नावं द्यावी लागतात. पोलीस त्यांना विचारतात, ही बाई कशी आहे. मी एक नाव मिलिंदचं दिलं.

मिलिंद डीमनला राहतो. मूळचा नागपूरचा, इथे लेन्स आणि मोजमापाची उपकरणं यावर संशोधन करतो. बौद्ध घरातला आणि ते मनापासून पाळणारा. माझ्या मुलीच्या, ईराच्या, खोलीत कोळी निघाला की तो ग्लास आणि पोस्टकार्ड घेऊन त्याला बागेत सोडून येतो. त्याला विचारायला मला चार दिवस लागले.

त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "अनघा, तू जे करणार आहेस त्याला माझा पाठिंबा नाही. पण ते विचारणार की तुझ्या हातात बंदूक सुरक्षित आहे का. त्याचं उत्तर मला माहीत आहे, आणि ते मी खरं देईन."

पोलीस बाईंनी त्याला फोन केला. सगळं विचारलं. पिते का, घरात भांडणं आहेत का, मन खचलंय असं कधी वाटलं का. मिलिंद प्रत्येक प्रश्नाला थांबून, विचार करून उत्तर द्यायचा. शेवटी त्यांनी विचारलं की अनघाला राग आलेला तुम्ही कधी पाहिलाय का.

इथे कुणीही नाही म्हटलं असतं. मिलिंद संशोधक आहे.

"हो," तो म्हणाला. "दरवर्षी एकदा. दिवाळीच्या कार्यक्रमाची मीटिंग असते तेव्हा."

पोलीस बाईंनी विचारलं, तेव्हा ती काय करते. मिलिंदने सांगितलं की ती मिनिट्स लिहायला घेते.

लायसन्स मिळालं.

* * *

हेंकचं बंदुकांचं दुकान गावाबाहेर आहे आणि त्याच्याच मागे शूटिंग रेंज. हेंक पन्नाशीचा, सहा फूट चार इंच, आणि कमी बोलणारा. पहिल्या दिवशी मी त्याला सांगितलं की मला सशांसाठी पॉइंट टू-टू हवी आहे, आणि मी वाचलंय की बोल्टवाली साधी रायफल सगळ्यात चांगली. प्रत्येक गोळीनंतर हाताने बोल्ट मागे-पुढे करायचा, त्यामुळे माणूस घाई करत नाही.

हेंक म्हणाला की वाचलंयस ते बरोबर आहे. मग त्याने मला दोन्ही हात लांब करायला लावले, पंजांमध्ये छोटी फट ठेवायला सांगितली आणि त्या फटीतून त्याच्या नाकाकडे बघायला सांगितलं. मी बघितलं. समोरून त्याला त्या फटीत माझा एकच डोळा दिसत होता.

"डावा," तो म्हणाला. "कुठला हात वापरतेस?"

उजवा.

"तुझ्या गोळ्या डावीकडे जायच्या का?"

एनसीसीच्या दोन्ही वर्षांत माझी प्रत्येक गोळी डावीकडे जायची. डावा डोळा मीट म्हणून हवालदार साहेब ओरडायचे आणि मला तो काही केल्या मिटून ठेवता यायचा नाही. शेवटी ते त्यावर रुमाल बांधायचे. मला वाटायचं, माझं लक्षच लागत नाही. घरीसुद्धा सगळे तेच म्हणायचे.

हेंकने सांगितलं की काही माणसांचा हात उजवा असतो आणि नेम धरणारा डोळा डावा. त्यात काही चूक नाही. रायफल डाव्या खांद्याला लावायची, संपलं.

वीस वर्षांनी, एका डच माणसाच्या दुकानात, मला कुणीतरी सांगत होतं की मी धांदरट नव्हते. मी जरा वेळ शेल्फवरचे बूट बघत उभी राहिले.

मग खरी निवड सुरू झाली. बोल्ट असतो उजव्या बाजूला. डाव्या खांद्यावर रायफल धरली की प्रत्येक वेळी हात पलीकडे नेऊन तो ओढायचा, म्हणजे नेम पूर्ण मोडतो. सेमी-ऑटोमॅटिकला बोल्ट ओढायची गरजच नाही. ससा जखमी झाला तर डोकं न हलवता दुसरी गोळी देता येते, आणि हेंकच्या मते ती रायफल घ्यायचं हे एकच योग्य कारण होतं. ज्यांना जास्त गोळ्या मारायच्या असतात त्यांना तो दुसऱ्या दुकानाचा पत्ता देतो.

त्याने तीन रायफली काढल्या. तिन्हींचे खांद्याला टेकणारे लाकडी बट त्याच्यासारख्या उंचीच्या माणसांसाठी. मी पाच फूट एक. खांद्याला लावली की डोळा नेमाच्या जागेपर्यंत पोचायचाच नाही. त्याने टेप घेतली, माझ्या कोपरापासून बोटापर्यंत मोजलं आणि त्यातल्या एकीच्या बटावर पेन्सिलने रेघ मारली. पुढच्या आठवड्यात बट आखूड होऊन आला. कापलेली चकती त्याने कागदात गुंडाळून दिली. आता मी तिच्यावर चहाचा कप ठेवते.

* * *

डाव्या खांद्याचा एक तोटा हेंकने आधी सांगितला नव्हता. किंवा मुद्दाम सांगितला नसेल.

रिकामं काडतूस उजवीकडून बाहेर उडतं, कारण रायफल बनवणाऱ्याने उजव्या माणसाचा विचार केलेला असतो. डाव्या माणसाच्या ते कधीकधी अंगावर येतं. पहिल्याच दिवशी रेंजवर, तिसरी गोळी सुटली आणि गरम काडतूस सरळ माझ्या कॉलरमधून आत गेलं.

फोडणीतली मोहरी अंगावर उडावी, तसं ते होतं. फरक एवढाच की मोहरी खाली घसरत जात नाही.

मी ओरडले असेन. पण हात हलवला नाही. नळी समोरच्या मातीच्या बांधाकडे ठेवली, सेफ्टी लावली, मॅगझिन काढलं, बोल्ट उघडून आत बघितलं, रायफल टेबलावर ठेवली, आणि मग जे काय नाचायचं ते नाचले.

हेंक एवढा वेळ मागे हाताची घडी घालून उभा होता. त्याने कॉलरसाठी स्कार्फ दिला, रायफलला काडतूस पुढे वळवणारी छोटीशी तिरपी पट्टी बसवून दिली, आणि विक्रीच्या कागदावर सही करायला पेन काढलं.

मी म्हटलं, आपलं तर मागच्या आठवड्यातच ठरलं होतं ना.

"तुझं ठरलं होतं," हेंक म्हणाला. "माझं आत्ता ठरलं."

* * *

रायफल घरी यायच्या आधी ती ठेवायला सेफ लागते. जाड पोलादी, भिंतीला बोल्टने बसवलेली. आमच्या जिन्यावरून ती वर चढवायला दोन माणसं आणि अर्धा दिवस लागला. त्याच सुमारास आई पुण्याहून तीन महिन्यांसाठी आली होती.

आईला मी सगळं सांगितलं होतं. तिने ऐकलं होतं, पण आपल्याला हवं तेवढंच. तिच्या मते परदेशात मुलीने शेवटी एकदाचं व्यवस्थित कपाट घेतलं. मी तिला सांगितलं की रायफल आल्यावर याची चावी फक्त माझ्याकडे राहणार, निखिललासुद्धा मिळणार नाही. ते तिला फारच पटलं.

पोलीस बाई सेफ तपासायला येणार त्या दिवशी मी ब्रेडाच्या ऑफिसातून मीटिंग संपवून धावत घरी आले, तर त्या आधीच येऊन टेबलाशी बसल्या होत्या आणि समोर पोह्यांची रिकामी बशी. आई मराठीत बोलत होती, त्या डचमध्ये, आणि दोघींचं बरं चाललं होतं.

आम्ही वर गेलो. त्यांनी भिंतीतले बोल्ट हलवून बघितले, दाराची जाडी बघितली, आणि आतून बघायचं म्हणाल्या. मी दार उघडलं.

आत आईच्या पाटल्यांची डबी, चांदीची पूजेची भांडी, तिचा पासपोर्ट, आणि बेसनाच्या लाडवांचा मोठा डबा. सकाळी दार उघडं दिसलं तेव्हा आईने सामान लावून घेतलं होतं.

पोलीस बाईंनी एकेक वस्तू बघितली. डब्याकडे बोट करून विचारलं, हे काय आहे. मी सांगितलं. त्यांनी डबा उघडायला लावला, एक लाडू घेतला, आणि खाऊन झाल्यावर अगदी गंभीरपणे म्हणाल्या की शस्त्र आल्यावर हे सगळं बाहेर काढावं लागेल, कारण सेफमधल्या वस्तूंपर्यंत फक्त तुम्हालाच पोचता आलं पाहिजे.

मी आईला भाषांतर करून सांगितलं.

आई म्हणाली, "लाडवांचं तसंच राहू दे. निखिलला शुगर आहे."

* * *

आता मिलिंदचा दुसरा किस्सा. हा मला स्वतःला फार आवडतो.

रायफल आली, तिच्यावर नेम धरायच्या दुर्बिणीसारखा स्कोप बसवला, पण नेम काही पक्का लागेना. स्कोप झिरो करणं म्हणजे स्कोपमधली फुली आणि गोळी एकाच जागी पडेल असं जुळवणं. पन्नास मीटरवर मी तीन-तीन गोळ्या मारायचे. दोन शेजारी-शेजारी आणि एक वर, वेगळीच. पाच कंपन्यांच्या गोळ्या आणल्या. सगळ्यांचं तेच. मी सहज फोनवर मिलिंदला सांगितलं, स्कोप बिघडलाय बहुतेक.

स्कोप म्हणजे लेन्स. आणि लेन्स हा मिलिंदचा विषय. मग त्याने विचारलं की तिथे फक्त कागदावरच मारतात ना.

शनिवारी तो वही घेऊन रेंजवर हजर. दिवसभर मागे बसून त्याने प्रत्येक गोळीची नोंद केली: कितवी, कुठे, किती अंतर. मध्येच उठून स्कोपमधून डोकं डावी-उजवीकडे हलवून बघायचा. दुपारी त्याने जाहीर केलं की स्कोप निर्दोष आहे. आणि वेगळी पडणारी गोळी कुठलीही नाही, ती नेहमी पहिली असते.

हेंक कॉफी पीत होता. तो म्हणाला, "पहिली गोळी ती हाताने आत सरकवते. पुढच्या रायफल स्वतः भरते, जोरात. त्या थोड्या वेगळ्या बसतात."

त्याला हे सकाळपासून माहीत होतं. विचारलं कुणी नव्हतं.

मिलिंदने वही मिटली. "शेतात पहिलीच गोळी महत्त्वाची ना? मग बाकीच्या विसर. पहिल्यावरच सगळं लाव." त्यानंतर दोन तास मी एक गोळी हाताने भरून मारायचे, नोंद करायचे, पुन्हा एक भरायचे. पहिल्याच गोळ्यांचा झिरो लागला. शेवटच्या दहा भोकांवर रुपयाचं नाणं ठेवलं असतं तर ती झाकली गेली असती.

निघताना मिलिंदने हेंकला विचारलं की मी कागदावर पाच गोळ्या मारल्या तर चालेल का. हेंक त्याच्या शेजारी उभा राहिला. मिलिंद आयुष्यात पहिल्यांदा रायफल धरत होता. त्याने इतका वेळ घेतला की मला वाटलं, विचार बदलला. मग पाच गोळ्या, एकेक हाताने भरून, संथपणे.

हेंकने कागद आणला आणि आमच्यासमोर धरला. एकच भोक होतं, कडा जरा फाटलेल्या.

हेंकने त्याला तिथल्या तिथे क्लबच्या स्पर्धेच्या टीममध्ये यायला सांगितलं. मिलिंद नको म्हणाला, पण कागद मात्र मागून घेतला. तो आता त्याच्या ऑफिसातल्या भिंतीवर आहे. कुणी विचारलं तर तो सांगतो, लेन्सचं काम आहे.

* * *

ईस्टरच्या आधी ईराच्या शाळेतून फोन आला की जरा बोलायचं होतं. ईरा तेव्हा दहा वर्षांची. मी मराठीत विचारलं की ती डचमध्ये उत्तर देते, आणि तेही एका शब्दात, त्यामुळे काय झालंय ते घरी नीट कळलंच नाही.

वर्गात कागदाचे ईस्टरचे ससे करत होते. प्रत्येकाने आई-बाबा काय करतात ते सांगायचं होतं. ईराने सांगितलं की बाबा कम्प्युटरवर काम करतात आणि आई कम्प्युटरवर काम करते आणि शनिवारी ससे मारते. दोन मुलं रडायला लागली. एकाने आपला कागदी ससा दप्तरात लपवला.

मी टीचरची माफी मागायला तोंड उघडलं, तेवढ्यात टीचर म्हणाल्या की पुढचं ऐका.

आपल्याकडे सगळ्याला ससाच म्हणतात. डचमध्ये मात्र बिळात राहणारा ससा वेगळा आणि लांब कानांचा, उघड्यावर राहणारा मोठा ससा वेगळा, दोघांना दोन शब्द. ईस्टरची अंडी आणणारा हा दुसरा. ईरा फळ्यापाशी गेली, दोघांची चित्रं काढली, आणि पूर्ण वर्गाला समजावून सांगितलं की ईस्टरवाला वेगळा प्राणी आहे आणि त्याला मारायची तिच्या आईला परवानगी नाही.

"मग सगळे गप्प झाले," टीचर म्हणाल्या. "एका मुलाने फक्त विचारलं, परवानगीचा कागद तू स्वतः पाहिलायस का."

* * *

पहिला ससा मात्र त्याच्या आदल्या वर्षी, एप्रिलमध्ये, सूर्य उगवल्यानंतर अर्ध्या तासाने. यानकाका शेजारी घडीच्या स्टुलावर. चाळीस मीटरवर तो हायसिंथच्या ओळीत बसला होता, मागे मातीचा उंच बांध. मागे माती असल्याशिवाय गोळी सोडायची नाही, हे मला झोपेतही पाठ होतं. तरी मी तीनदा बघितलं. मग श्वास सोडला.

एकच गोळी. तो जागच्या जागी आडवा झाला.

यानकाका चालत गेले, टोपी काढली, हायसिंथचा एक कोवळा शेंडा खुडून सशाच्या तोंडात ठेवला आणि जरा वेळ तसेच उभे राहिले. मोठ्या शिकारीत इथे डहाळी ठेवायची जुनी पद्धत आहे. त्यांच्या भाषेत तिला शेवटचा घास म्हणतात. मला त्या शब्दाचं भाषांतर करावं लागलं नाही.

बेपकाकूंनी तो ससा कांदा आणि आलुबुखार घालून शिजवला आणि मला सांगितलं की मारलास तर खायचा. मी खाल्ला. आईला अजून सांगितलेलं नाही.

दुपारी मिलिंदला फोन केला. त्याने सांगून ठेवलं होतं की पहिल्याबद्दल मला कळव. मी कळवलं.

"लगेच गेला?" त्याने विचारलं.

"लगेच."

"मग झिरो नीट लागला होता आपला," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

* * *

आणि हा या वसंतातला.

आता यानकाकांच्या डोळ्यांचं दुखणं बरंच वाढलंय. समोर बघितलं की मधोमध राखाडी डाग, फक्त कडेकडेचं दिसतं. तरी ते स्टूल घेऊन येतात. त्या सकाळी धुकं होतं. ते विरळ झालं तेव्हा पस्तीस मीटरवर ससा, मागे बांध, सगळं जसं हवं तसं. मी रायफल खांद्याला लावली.

"दिसतोय?" यानकाकांनी हळूच विचारलं.

हो म्हटलं.

"कसा आहे?"

मी सांगितलं, जरा लहान आहे, पाठ ओली आहे, डावा कान फाटलेला आहे.

"काय करतोय?"

पुढच्या दोन्ही पायांनी तोंड धुतोय.

ते स्टुलावरून जरा पुढे सरकले. "त्याच्या मागे कुठली ओळ आहे? निळी की गुलाबी?"

नेम धरलेल्या स्कोपमधून असं इकडेतिकडे बघायचं नसतं. मी सेफ्टी लावली, रायफल मऊ पिशवीवर ठेवली आणि गळ्यातली दुर्बीण डोळ्यांना लावली. निळी ओळ, मी सांगितलं. तिच्यामागे पांढरी. पांढरी पूर्ण उमललीये, निळी अजून अर्धी. गुलाबी पार कालव्यापर्यंत गेलीये आणि तिथे पाण्यावर धुकं अजून आहे. बांधावर दोन टिटव्या.

ते विचारत गेले, मी सांगत गेले. निळा म्हणजे कसा निळा. पाच वर्षांपूर्वी लावलेली नवी जात यंदा कशी आली. उन्हाने बांधाची सावली कुठवर आलीये. त्यांनी डोळे मिटून घेतले होते. एवढ्यात सशाने तीन हायसिंथ पार खाल्ले, चौथा चाखून टाकून दिला आणि टेकडीकडे निघून गेला. मी तेही सांगितलं.

"तीन," यानकाका म्हणाले. मग स्टूल घडी करून उठले.

पुढच्या शुक्रवारी त्यांचा फोन आला. उद्या येतेस का. मी म्हटलं, येते. आणि मग जरा थांबून विचारलं, रायफल आणू का?

पलीकडे बेपकाकू भांडी लावत असल्याचा आवाज येत होता. यानकाकांनी आवाज खाली आणला.

"आण, आण. नाहीतर बेप विचारेल, तुम्ही दोघं तिथे बसून करता तरी काय."